फिलू, मी विचारलं नव्हतं

फिलू, तू गेलीस त्याला आज दहावा दिवस. सकाळपासून तीनदा हा कागद पुढ्यात ओढला आणि तीनदा उठले. एकदा कुकर बंद करायला, एकदा वाडीतला पंप चालू राहिलाय का ते बघायला, आणि तिसऱ्यांदा कशासाठी उठले ते मलाही आठवत नाही. आमचे हे म्हणाले, "अगं, एका जागी बैस की जरा." तू असतीस तर त्यांना म्हणाली असतीस, "राहू द्या भावजी, तिच्या पायाला चाकं हायेत." मी चिडले असते. आता चिडायलाही कोणी उरलं नाही.

संध्याकाळी पाच वाजता पाचूबंदरला तुझ्या घरी जाणार आहे. तुझ्या नवऱ्याला, बावतीसदादांना, एक गोष्ट सांगायची आहे. खरं तर ती तुलाच सांगायला हवी होती आणि त्यासाठी माझ्याकडे चांगली अर्धी दुपार होती. तू हॉस्पिटलात असताना, ऑपरेशननंतरच्या आठव्या दिवशी सकाळी, तू मला मोठ्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारून यायला सांगितलंस. मी परत येऊन म्हटलं, विचारलं. फिलू, मी विचारलं नव्हतं.

हे लिहिलं की जरा हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही. तेव्हा पुढचंही लिहिते.

आपलं भांडण आठवतंय ना? जुनं, बारा वर्षांचं, ह्यांना डेंग्यू झाला तेव्हाचं. तोवर मला तू फक्त सरकारी दवाखान्यातली फिलोमिना सिस्टर म्हणून माहीत होतीस. तुझी लेक माझ्या वर्गात होती, एवढीच ओळख. ह्यांचा ताप उतरला म्हणून मी देवापुढे साखर ठेवली आणि त्याच दिवशी रिपोर्ट आला, प्लेटलेट्स बावीस हजार. निदान दीड लाख तरी हव्यात एवढं मी वाचलेलं होतं. मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहून फोनवर फोन करत सुटले. तू ड्यूटीवर होतीस. मी तुझ्या नाकासमोर रिपोर्ट धरला तर तू तो बाजूला सारलास आणि सरळ ह्यांच्या खाटेपाशी गेलीस. तोंड उघडायला लावून हिरड्या बघितल्यास. पोटऱ्यांवर, सुई टोचल्याच्या जागी, जिथे पट्टा बांधून बीपी घेतला होता तिथे लाल ठिपके शोधलेस. नाकातून रक्त आलं का, लघवी लाल झाली का, शौचाला काळं झालं का, सगळं विचारलंस. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "बाई, डेंग्यूत ताप उतरला की प्लेटलेट्स पडतातच. कुठून रक्त येत नाही, बीपी चांगला आहे. दोन दिवसांत आपोआप वर येतील. तुम्ही त्यांना पाणी पाजत राहा." ड्यूटीवर असलीस की तुझी भाषा अशी इस्त्री केलेली असायची. घरची बोली माझ्या वाट्याला आली ती खूप नंतर, मैत्री झाल्यावर.

मी ऐकलं नाही. डॉक्टरांचं डोकं खाल्लं, त्यांनी शेवटी प्लेटलेट्सची पिशवी चढवली. दोन दिवसांनी आकडा ऐंशी हजारांवर गेला आणि मी गावभर सांगत सुटले की त्या पिशवीने ह्यांना वाचवलं. हे तुझ्या कानावर गेलं. तू रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तडक आमच्या वाडीत आलीस, हे केळी उतरवत होते त्यांच्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "वर आले ते यांचे स्वतःचे आले. पिशवी एका दिवसात संपून जाते." मी म्हटलं, मग तेव्हाच वर यायला सुरुवात कशी झाली? तू म्हणालीस, तेव्हाच होणार होती. त्या भांडणात मी तुला चहा दिला, तू जाताना केळफूल घेऊन गेलीस आणि पुढच्या आठवड्यात केळफुलाच्या बदल्यात सुके बोंबील घेऊन आलीस. भांडण काही मिटलं नाही. दरवर्षी पाऊस ओसरायला लागला, गावात ताप सुरू झाले की आपण ते तिथूनच पुढे चालू करायचो.

त्याच पिशवीपायी आपली वही सुरू झाली. कल्पना माझी, शिस्त तुझी. मी म्हटलं, गावोगाव रक्तगटांची यादी करू, कोणाला प्लेटलेट्स लागल्या की फोन फिरवू, माणूस हजर. तू नाक मुरडलंस, पण वही तूच विकत आणलीस. मिस्सा सुटली की चर्चच्या दारात उभी राहून तू एकेकाला गाठायचीस. पाचूबंदरचे खलाशी, आमच्याकडचे वाडीवाले, नालासोपाऱ्यात राहायला गेलेले माझे जुने विद्यार्थी, कामणच्या गोदामांत गाड्या चालवणारे दोघे भाऊ, सगळे त्या वहीत आले. नावापुढे तू तुझ्या मनाचं काहीबाही लिहून ठेवायचीस. 'सुई बघितली की पडतो, आधी बसवणे.' 'याच्या आईला कळवू नये.' आमच्या ह्यांच्या नावापुढे तू 'स्वतःच्या बळावर बरा झालेला' असं लिहिलंस ते मी खोडलं, तू पुन्हा लिहिलंस.

आणि तुझा नियम होता. फोन फिरवण्याआधी पेशंटच्या माणसांना तीन गोष्टी विचारायच्या. रक्त कुठून येतंय का? ताप होता का आणि कधी उतरला? हॉस्पिटलात आल्यापासून कुठली औषधं चालू आहेत? मला हा सगळा जाच वाटायचा. माणूस तिकडे मरायला टेकलाय आणि ही बसलीये प्रश्नपत्रिका घेऊन, असं मी तुला तोंडावर म्हणायचे. तू शांतपणे बोटांवर मोजत सांगायचीस, "प्लेटलेट्स काय एका डेंग्यूनंच पडतात का ग? मलेरिया हाय. दारूनं लिव्हर गेलेला मानूस हाय. अंगभर पसरलेलं इन्फेक्शन हाय, त्यात तर फार वाईट. एखादं औषधच सोसत नाय. कदी काय नसतंय, नुसती नली खोटी बोलते."

त्या नळीवरून तू मला वर्षभर छळलंस. नालासोपाऱ्याची एक बाई होती, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आलेली. रिपोर्ट अकरा हजार. मी तुला न विचारता फोन फिरवले, तासाभरात नऊ जण गोळा केले. तू मागून आलीस, बाईला बघितलंस, ती खाटेवर मांडी घालून पाव खात होती. अंगावर एक ठिपका नाही. तू लॅबमध्ये जाऊन हट्ट धरलास की रक्त पुन्हा घ्या, या वेळी निळ्या टोपणाच्या नळीत घ्या आणि काचेवर पसरून डोळ्यांनी बघा. एक लाख नव्वद हजार निघाले. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या औषधाने तिच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या होत्या आणि मशीनला ते गठ्ठे मोजताच येत नव्हते. तू पायरीवर बसून पोट धरून हसलीस. "मशीन आंधलं हाय, मास्तरीन. आनि तू पन." त्या नऊ जणांना मी वडापाव खायला घातला आणि परत पाठवलं. आतून मात्र मी फणफणत होते. मला वाटत होतं, बरोबर असण्यात हिला किती मजा येते.

एकदा रक्तपेढीत तू मला ते यंत्र दाखवलंस. प्लेटलेट्सच्या पिवळसर पिशव्या एका फळीवर ठेवलेल्या आणि ती फळी सारखी डावी-उजवीकडे हलतेय. थांबली तर त्या चिकटतात, खराब होतात, म्हणून चोवीस तास हलवत ठेवायच्या. तू कोपराने मला ढोसलंस आणि तिथल्या मुलीला म्हणालीस, "ह्या आमच्या बाई." ती मुलगी बिचारी गोंधळली.

आता तुझ्या पडण्याचं. ते तुला काय सांगायचं, पण मला सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता, तू कोणाशी तरी सरंग्याच्या वाट्यावरून हुज्जत घालत मागे सरकलीस आणि ओल्या लादीवरून घसरलीस. खुब्याचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. सगळं छान झालं. तू दुसऱ्याच दिवशी वॉर्डातल्या नर्सना चादर कशी घालायची ते शिकवायला लागलीस. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ पोटात एक इंजेक्शन द्यायचे. तू ते घेताना भिंतीकडे तोंड करायचीस. चाळीस वर्षं लोकांना सुया टोचलेली बाई स्वतःला टोचताना बघू शकत नाही, याची मी यथेच्छ टर उडवली. तुझी शुगर वर-खाली होत होती म्हणून घरी सोडायचं लांबलं.

ऑपरेशननंतर सातव्या दिवशी रिपोर्ट आला. ऑपरेशनच्या आधी दोन लाख चाळीस हजार होत्या त्या बहात्तर हजारांवर आलेल्या. आदल्या संध्याकाळी तुला बारीकसा ताप होता. शेजारच्या खाटेवर डेंग्यूची पेशंट, समोरच्या खाटेवर डेंग्यूचीच, गावात घरटी एक तापाचा माणूस. डेंग्यूच्या चाचणीत नवीन डेंग्यूची रेघ आली नाही, जुन्या डेंग्यूची आली. ती येणारच होती, कारण चार वर्षांपूर्वी तुला डेंग्यू होऊन गेला होता, हे मला पक्कं माहीत होतं. तेव्हा तुला पेज कोण आणून देत होतं? मीच. तरी मी ती जुनी रेघ धरून बसले. आजाराला नाव मिळालं की मला बरं वाटतं, काहीतरी करायला घेता येतं.

आठव्या दिवशी सकाळी एकेचाळीस हजार. मी वही घेऊनच आले होते. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं की रक्त कुठून येत नाहीये, पिशवीची गरज आत्ता तरी नाही, थांबू या. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही थांबा, मी नाही थांबणार." माझ्या वर्गातल्या पोरांशी बोलायचा तो आवाज लावला. ते वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढेच होते. शेवटी ते म्हणाले, नातेवाइकांनी सही केली तर बघतो. मी बावतीसदादांच्या हातात पेन दिलं.

मग तू मला जवळ बोलावलंस. शब्द न् शब्द आठवतो मला. दहा दिवस दुसरं काही आठवतच नाही.

"मास्तरीन, फोन ठेव खाली. ऐक. मना आता ताप नाय. हिरड्या साफ हायेत, ठिपके नायत, कुठनं रक्त नाय. डेंग्यू असा नसतो. आनि ह्ये बघ." तू गाऊन जरा वर केलास. जिथे जिथे पोटात इंजेक्शन दिलं होतं तिथे लाल, कडक वळ उठलेले. एकाच्या मधोमध काळपट झालेलं. "ह्ये इंजेक्शन, हेपारिन. कोना-कोनाला ह्येच सोसत नाय. पाचव्या-सातव्या दिवसापासून प्लेटलेट्स पडाया लागतात. आमच्या वार्डात एकदा झालेलं, त्या मानसाचा पाय गेलेला. ह्या पोरींना बोलले मी, त्या बोलतात चार्टवर लिहिलंय ते आमाला द्यावं लागतं. तो तरना डॉक्टर मोठ्यांना विचारल्याबिगर बंद करनार नाय. राउंडच्या वेलेला मना चालवाया नेलेलं. तू खाली ओपीडीत जा. मोठ्या डॉक्टरांना येवढंच विचार, ह्ये इंजेक्शन बंद करायचं का?"

मी खाली गेले, फिलू. एवढं तरी खरं आहे. ओपीडीच्या बाहेर बाकं भरलेली होती, दारावरचा माणूस म्हणाला, नंबर लावा. मी उभी राहिले. पाच मिनिटं झाली असतील. तेवढ्यात रक्तपेढीतून फोन आला, बाई, तुमची माणसं आली आहेत, चौदा जण, दारात गर्दी झाली आहे, आधी कोणाला घेऊ? चौदा. बंदरावरून मासळी उतरवून तसेच आलेले सहा जण, अंगाला वास मारत. कामणचे दोघे भाऊ गोदामात सुट्टी सांगून आलेले. माझा एक विद्यार्थी ज्याला मी सातवीत नापास केला होता. मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. मी रांग सोडून धावले. म्हटलं, डॉक्टर काय पळून जात नाहीत.

रक्तपेढीने त्यांच्याकडची तयार पिशवी दुपारी द्यायचं कबूल केलं आणि बदल्यात आपल्या लोकांचं रक्त घेतलं. मी एक वाजता तुझ्याकडे आले तर तू विचारलंस, "काय बोलले?" ओपीडी तोवर संपली होती. आणि मी म्हटलं, "विचारलं. म्हणाले, इंजेक्शनचा काही संबंध नाही. डेंग्यूच आहे." नुसतं खोटं बोलून थांबले नाही, डॉक्टरांच्या तोंडी वाक्यही घातलं. तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "बरं." मला वाटलं, चला, पटलं हिला. तेव्हा मला खरंच सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं होतं.

मग मी जाऊन पिशवी आणली, चार वाजता ती लागली. चौदा जण दोन-दोन करून तुला बघून गेले. तू प्रत्येकाला नावाऐवजी रक्तगटाने हाक मारलीस. "काय रे, ओ पॉझिटिव्ह, जेवलास का?" वॉर्ड हसत होता. मी दारात उभी राहून कोणाला आत सोडायचं, कोणाला थांबवायचं ते ठरवत होते, आणि मधल्या मधे प्रत्येकाला सांगत होते की वही कशी कामाला आली. संध्याकाळचं इंजेक्शन त्या मुलीने माझ्यासमोर दिलं. तू भिंतीकडे तोंड केलंस. मी या वेळी टर उडवली नाही. का नाही उडवली?

नवव्या दिवशी मी दहा वाजता आले तेव्हा मोठे डॉक्टर तुझ्या खाटेशी होते आणि त्यांचा चेहरा बदललेला होता. डावी पोटरी सुजून कडक झाली होती. प्लेटलेट्स पिशवी चढवूनही एकतीस हजारांवर उतरलेल्या. त्यांनी इंजेक्शन तिथल्या तिथे बंद केलं, चार्टवर लाल अक्षरात लिहिलं, दुसरं औषध मागवलं, रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. तू मला म्हणालीस, "त्या पोरांना परत बोलवू नको हां. बास झालं." बाराच्या सुमाराला तुला धाप लागली. तुला आयसीयूत नेताना मी खाटेचा दांडा धरून चालत होते, एका नर्सने माझा हात सोडवला. दीड वाजता डॉक्टर बाहेर आले.

रिपोर्ट तुझ्या दफनानंतर दोन दिवसांनी आला. तुझंच बरोबर होतं. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. एखाद्या शरीराला हे इंजेक्शन शत्रू वाटतं. मग रक्तात अशी काही गडबड होते की प्लेटलेट्स उगाच चेतवल्या जातात, एकमेकींना धरून गाठी करत सुटतात. त्यात त्या संपतात, म्हणून आकडा पडतो. लोकांना वाटतं आकडा पडला म्हणजे रक्तस्राव होणार. इथे उलटं असतं, आकडा पडत असतो आणि रक्त गोठत असतं. पायातली गाठ फुप्फुसात गेली. मी विचारलं, आम्ही जी पिशवी दिली तिने काय केलं? त्यांनी समोरची फाईल मिटली. म्हणाले, अशा वेळी रक्तस्राव नसेल तर पिशवी शक्यतो देत नाहीत, जळत्या चुलीत लाकूड सारल्यासारखं होऊ शकतं. पण त्या पिशवीनेच झालं असं मी म्हणणार नाही. मी विचारलं, आणि एक दिवस आधी इंजेक्शन बंद झालं असतं तर? ते म्हणाले, "बाई, ते मी सांगू शकत नाही. कदाचित. आम्हालाही लवकर दिसायला हवं होतं." भला माणूस आहे. त्याने दोष स्वतःकडे घेतला. मी समोर बसून ऐकत राहिले आणि मी तुमच्या दारात पाच मिनिटं उभी होते एवढं सांगितलं नाही.

बावतीसदादा शेजारीच बसले होते. तेही काही बोलले नाहीत.

साडेचार वाजले. निघते. परत येऊन लिहीन, जमलं तर.

आले. सात वाजलेत. सगळं जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मी त्यातही काहीतरी माझ्या सोयीचं घालेन.

दादा मागच्या दारी बोंबील साफ करत बसले होते. एकट्यापुरते पाच-सहा. मला बघून पाट सरकवला. मी बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. ओपीडी, बाकं, फोन, चौदा माणसं, एक वाजता तुला काय सांगितलं ते. एका दमात सांगितलं, मध्ये श्वास घेतला असता तर थांबले असते. ते ऐकत होते, हातातलं काम चालू होतं. माझं संपल्यावर त्यांनी उठून हात धुतले, पंच्याला पुसले.

"मना म्हाईत हाय," ते म्हणाले.

मला कळेना. "काय माहीत आहे?"

"तू विचारलं नाय ते. फिलू बोलली त्याच दिवशी. तू पिशवी आनाया गेलेली तवा. बोलली, मास्तरीन खोटं बोलली. खोटं बोलताना ती हाताची घडी घालते, शालेतल्या पोरासारखी."

मी माझ्या हातांकडे बघितलं, फिलू. घडीच होती. सोडवली.

"मग दादा, तुम्ही का नाही गेलात विचारायला?"

हे मी विचारलं. मला तो हक्क होता का? पण विचारलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी बोललो, जातो. ती बोलली, तुमाला इंजेक्शनचं नाव पन सांगता येनार नाय. सकालच्या राउंडला डॉक्टर येतील तवा मीच विचारीन. एका दिवसानं काय होतंय." मग त्यांनी पंचा दोरीवर टाकला, तो नीट केला, पुन्हा नीट केला. "बोलली, चवदा मानसं आनलीत तिनं. आज तिला मिरवू दे."

मी पाटावर बसले. दादांनी चहा ठेवला, तो मी प्यायले, त्याला चव होती की नाही ते सांगता येणार नाही. निघताना ते म्हणाले, "मी पन गेलो नाय, बाई. मी पन होतो तिथं." येताना बंदरावरच्या त्या लादीवरून चालत आले, हळूहळू, म्हाताऱ्या बाईसारखी.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, तिने तुला माफ केलं होतं, असं समज. मला ते समजायचं नाही. माफी मला हवीच होती, दहा दिवस दुसरं काय हवं होतं? पण ती मिळाली आणि मला तुझा राग आलाय, फिलू, इतका राग मला तुझा बारा वर्षांत कधी आला नव्हता. तू माझी एकही चूक आजवर पोटात घातली नाहीस. नळीच्या वेळी नाही, ह्यांच्या पिशवीच्या वेळी नाही, वहीत एक रक्तगट चुकीचा लिहिला तर चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत झापलंस. मी रडकुंडीला यायचे आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याचकडे यायचे. तुझ्याइतकं धडधडीत मला दुसरं कोणी बोललंच नाही.

त्या दिवशीही झापायचं होतंस. चौदाच्या चौदा जणांसमोर म्हणायचं होतंस, मास्तरीन, तू खोटी हायेस, आता जा खाली आनि विचारून ये. मला मिरवू कशाला दिलंस? मी गेले असते, फिलू. सगळ्यांच्या देखत रडत गेले असते, पण गेले असते.